सिटी मॅनेजर: नगरसेवक नेमतात आणि नगरसेवकच काढतात

फिनिक्स हे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं १६ लाखांवर वस्तीचं शहर. तिथले महापौर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात. तरीही पोलीस प्रमुखाचं काम पटलं नाही म्हणून महापौर त्याला घरी पाठवू शकत नाहीत. पाणी खात्याच्या प्रमुखाची नेमणूकही त्यांच्या हातात नाही. नगरपरिषदेत त्यांना एकच मत असतं, बाकीच्या आठ सदस्यांसारखंच.

मग शहर चालवतो कोण? एक पगारी अधिकारी. त्यानं कधी मतं मागितलेली नसतात, चौकात त्याचे फलक लागत नाहीत आणि शहरातल्या अनेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. पण खातेप्रमुख तोच नेमतो, अंदाजपत्रक तोच तयार करतो आणि परिषदेनं केलेले ठराव तोच अंमलात आणतो. त्याला सिटी मॅनेजर म्हणतात आणि या पद्धतीला ‘कौन्सिल-मॅनेजर’ पद्धत. सनीवेल, फ्रीमाँट, प्लेनो, आयर्व्हिंग, केरी ही गावांची नावं आता आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोज उच्चारली जातात, कारण मुलं किंवा भाचे-पुतणे तिकडे असतात. ही पाचही शहरं याच पद्धतीनं चालतात.

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात लगेच येतं, म्हणजे आपल्या महापालिकेच्या आयुक्तांसारखंच की! दोघांत साम्य खरोखर आहे. फरक एकाच ठिकाणी आहे, पण त्या एका फरकानं सगळा कारभार वेगळ्या दिशेला जातो. तो नीट कळावा म्हणून आधी ही पद्धत जन्मली कशी ते पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांचा कारभार पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत होता. नोकऱ्या तेच वाटायचे, ठेके तेच द्यायचे आणि त्या बदल्यात मतं गोळा करायचे. भरीस भर म्हणजे मतपत्रिका लांबलचक असायची. महापौरापासून किरकोळ अधिकाऱ्यापर्यंत सगळेच निवडून द्यायचे. एवढ्या नावांची माहिती सामान्य मतदाराला कुठून असणार? तो पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारून मोकळा व्हायचा. न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या धंद्यात असलेल्या रिचर्ड चाइल्ड्स या तरुणाला हे खुपलं. त्याचं म्हणणं साधं होतं: लोकांनी मोजकीच माणसं निवडावीत, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवता येईल, आणि बाकीचे अधिकारी त्या मोजक्या माणसांनी नेमावेत.

दोन गावांतल्या प्रयोगांनी त्याला वाट दाखवली. पहिलं टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन. ८ सप्टेंबर १९०० रोजी तिथं आलेल्या चक्रीवादळात किमान ६००० माणसं मेली. उद्ध्वस्त शहर उभं करण्यासाठी पाच जणांचं आयोग नेमलं गेलं आणि शहराची खाती त्यांनी आपसांत वाटून घेतली. सुरुवातीला काम भराभर झालं, म्हणून इतर शहरांनीही तीच रीत उचलली. पण पुढे तिचं दुखणं दिसू लागलं. पाच भावांनी घर वाटून घ्यावं आणि सामाईक विहिरीचा गाळ मात्र कुणीच काढू नये, तसं व्हायचं. प्रत्येकजण आपापल्या खात्याचा राजा, आणि सगळ्यांच्या वर पाहणारा कुणी नाही.

दुसरं गाव व्हर्जिनियातलं स्टाँटन. १९०८ मध्ये तिथल्या परिषदेनं चार्ल्स ॲशबर्नर नावाच्या इंजिनिअरला गावाची कामं सांभाळायला पगारावर ठेवलं. रस्ते चिखलाचे होते आणि ते बांधून घेणारा कुणी हवा होता, इतकीच त्यामागची गरज. चाइल्ड्सनं दोन्ही गोष्टी जोडल्या. छोटी निवडलेली परिषद गॅल्व्हेस्टनची घेतली, पण तिच्या सदस्यांकडून खाती काढून घेतली आणि ती सगळी स्टाँटनसारख्या एका पगारी माणसाच्या हाती दिली. दक्षिण कॅरोलायनातल्या समटर या गावानं १९१२ मध्ये हा आराखडा स्वीकारला.

मोठ्या शहरात तो पोचला एका पुरामुळे. मार्च १९१३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात ग्रेट मायामी नदी शिरली. त्या खोऱ्यात ३६० च्या वर माणसं गेली. शहराच्या यंत्रणेला काहीच सुचेना. अशा वेळी गल्ला मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ कंपनीचा मालक जॉन पॅटरसन यानं कारखान्यात सपाट बुडाच्या होड्या बनवायला लावल्या आणि बुडालेल्यांना कारखान्यातच आसरा दिला. शहराचा कारभार नीट चाललेल्या धंद्यासारखा व्हावा, हे तो आधीपासूनच सांगत होता. पुरानंतर लोकांनी त्याचं ऐकलं. ऑगस्ट १९१३ मध्ये मतदारांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची मूळ नियमावली, मंजूर केली, १ जानेवारी १९१४ पासून ती लागू झाली आणि सिनसिनाटीहून आलेला हेन्री वेट हा इंजिनिअर डेटनचा पहिला सिटी मॅनेजर झाला. डेटन आजही याच पद्धतीनं चालतं.

पॅटरसन संतपुरुष नव्हता हे इथं सांगायला हवं. स्पर्धकांना बेकायदा मार्गांनी संपवल्याबद्दल त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं होतं, ती शिक्षा पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाली. हे लक्षात ठेवायचं ते यासाठी की या सुधारणेच्या मागे मुख्यतः व्यापारी आणि उद्योजक होते. त्यांच्या शिस्तीबरोबर त्यांची नजरही या पद्धतीत आली. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता प्रत्यक्ष कारभार. परिषद लहान असते, बहुधा पाच ते नऊ सदस्यांची, मोठ्या शहरांत त्याहून थोडी मोठी. लहान शहरांत सदस्यांना मिळणारं मानधन किरकोळ असतं. दिवसा ते आपली नोकरी किंवा धंदा करतात आणि संध्याकाळी सभेला येतात. महापौर त्यांच्यातलाच एक असतो. काही ठिकाणी तो थेट लोकांतून निवडून येतो, तर क्युपर्टिनोसारख्या शहरात सदस्यच दरवर्षी आपल्यातल्या एकाला महापौर करतात. तो सभेचं अध्यक्षपद सांभाळतो, समारंभांना जातो, राज्य सरकारपुढे शहराची बाजू मांडतो. बहुतेक शहरांत त्याला नकाराधिकार नसतो. म्हणून त्याच्या शब्दाला वजन नसतं असं मात्र नाही. परिषदेतली मतं जुळवून आणणारा महापौर खूप काही घडवतो, पण मतं जुळवूनच.

काय करायचं हे परिषद ठरवते: कर किती, पाणीपट्टी किती, कुठे घरं बांधू द्यायची, कुठे बाग करायची, ग्रंथालय रविवारी उघडं ठेवायचं की नाही. ते कसं आणि कुणाकडून करून घ्यायचं हे मॅनेजर ठरवतो. पोलीस, अग्निशमन, रस्ते, पाणी, वित्त या खात्यांचे प्रमुख तो नेमतो आणि काढतो. परिषदेच्या सभेत तो बसतो, बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो, पण मत देत नाही. शहराचा वकील, सभेचा चिटणीस आणि जिथे असेल तिथे लेखापरीक्षक यांना मात्र बऱ्याच शहरांत परिषद स्वतः नेमते. यात मोठं शहाणपण आहे. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्याच हाताखाली तपासनीस ठेवला तर तो तपासणार काय?

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक नियम, जो बहुतेक शहरांच्या सनदेत लिहिलेला असतो: नगरसेवकानं मॅनेजरच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याला परस्पर हुकूम द्यायचा नाही. अमक्याला नोकरीला घ्या, तमक्याला काढा, असंही सांगायचं नाही. माहिती विचारायला हरकत नाही. पण काम सांगायचं ते मॅनेजरला, आणि खरं तर एकट्यानं नाही, परिषद म्हणून. काही शहरांत हा नियम मोडला तर नगरसेवकाचं पदही जाऊ शकतं.

समजा, तुमच्या घरासमोर खड्डा पडलाय. आपल्याकडे काय होतं? नगरसेवकाला फोन जातो, तो कनिष्ठ अभियंत्याला फोन लावतो आणि ‘उद्या माणूस पाठवा’ म्हणतो. खड्डा बुजला तर नगरसेवक कामाचा. शेजारच्या प्रभागात असा फोन करणारं कुणी नसेल तर तिथला खड्डा पावसाळाभर तसाच राहतो. सिटी मॅनेजरच्या शहरात तुम्ही नगरसेवकाला कळवलंत तर तो तुमची तक्रार मॅनेजरच्या कार्यालयाकडे धाडतो आणि ती इतर तक्रारींच्या रांगेत जाते. रस्ते खात्यातल्या माणसानं आपल्या साहेबाचंच ऐकायचं असतं, नगरसेवकाचं नाही. यात थोडा कोरडेपणा वाटतो, मान्य आहे. पण ज्याची कुणाशी ओळख नाही अशा माणसाच्या बाजूनं विचार करा. त्याचा खड्डा त्याच रांगेत असतो, आणि रांग पुढे सरकते.

अर्थात ‘काय’ आणि ‘कसं’ यांच्यामधली ही भिंत कागदावर दिसते तेवढी पक्की नसते. परिषदेसमोर कोणते पर्याय ठेवायचे हे मॅनेजर ठरवतो. प्रत्येक विषयावर त्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला अहवाल असतो आणि त्याच्या शेवटी शिफारस. दिवसभर आपलं काम करून आलेला नगरसेवक रात्री तो अहवाल वाचतो आणि बहुधा ती शिफारस मान्य करतो. म्हणजे मत नसलेल्या माणसाच्या हातात बरंच काही असतं. उलट बाजूनं, जुन्या नगरसेवकाला आपली मर्जी मॅनेजरच्या कानावर कशी घालायची हे बरोबर माहीत असतं.

हे नातं उघडं पडतं ते अंदाजपत्रकाच्या वेळी. कॅलिफोर्नियातल्या शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी मॅनेजर जमाखर्चाचा मसुदा परिषदेपुढे ठेवतो. त्यावर जाहीर सुनावणी होते, नागरिक उभे राहून दोन-तीन मिनिटं बोलतात, परिषद फेरफार करते आणि मंजुरी देते. त्या राज्यात १९५३ पासून ब्राऊन कायदा आहे. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि परिषदेच्या बहुसंख्य सदस्यांना शहराच्या कामाबद्दल खासगीत जमून ठरवाठरवी करता येत नाही. आधी घरी बसून ठरवायचं आणि सभेत फक्त हात वर करायचे, ही सोय कायद्यानं बंद केली.

मॅनेजर सगळ्यांना धरून चालतो याचं कारण कायद्यातलं एकच वाक्य आहे: परिषद साध्या बहुमतानं त्याला काढू शकते. काही शहरांत थोडं जास्त मताधिक्य लागतं, पण नेहमीची रीत ही. पाच जणांची परिषद असेल तर तीन मतं पुरे. त्याच्यावर गुन्हा सिद्ध व्हायला नको, मुदत संपायची वाट पाहायला नको. करारात असतील तेवढ्या महिन्यांचा पगार द्यायचा आणि निरोप घ्यायचा. म्हणून चांगला मॅनेजर मनातल्या मनात नेहमी तीनपर्यंत मोजत असतो. दोन नाराज असले तर चालेल. तिसरा नाराज झाला की नवं गाव शोधावं लागतं. या नोकरीत गावं बदलणं सर्रास चालतं. सिटी मॅनेजरांची संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिनं आचारसंहिता केली. आपल्याला नेमणाऱ्या परिषदेच्या निवडणुकीत मॅनेजरनं भाग घ्यायचा नाही, हा तिचा गाभा.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्ड मार्केटला नाव मिळालं ते त्यांचंच. त्यांनी कामं धडाक्यानं केली, पण खर्च इतका झाला की कर भरणारे नागरिक चवताळून उठले. त्या चळवळीतून शहराला थोडेफार निवडलेले प्रतिनिधी मिळाले आणि पुढे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आला, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. धोरण ठरवणारं सभागृह वेगळं आणि अंमलबजावणी करणारा आयुक्त वेगळा, ही विभागणी मुंबईत अशी स्टाँटनच्या वीस वर्षं आधी आली.

पण आयुक्ताला नेमतं कोण? तेव्हा ब्रिटिश सरकार, आणि आज राज्य सरकार. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या की इतर महापालिकांचा १९४९ चा, आयुक्त मंत्रालयातून येतो आणि त्याची बदलीही तिथूनच होते. सभागृहाला एक वाट ठेवली आहे: एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावं. ती वाट किती अरुंद आहे हे नवी मुंबईत २०१६ मध्ये दिसलं. तिथल्या सभागृहानं आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर केला, तरी ते पदावर राहिले आणि त्यांची बदली झाली ती २०१७ च्या मार्चमध्ये. त्या वादात आयुक्त बरोबर की नगरसेवक, हा वेगळा प्रश्न आहे. अनेक नागरिक तेव्हा आयुक्तांच्या बाजूनं होते, आणि त्यांची कारणं समजण्यासारखी होती. मला दिसतं ते एवढंच, की ज्याला काढणं आपल्या हातात नाही, तो आपल्याला उत्तर देत नाही. त्याचं तोंड मंत्रालयाकडे असतं, मग माणूस कितीही भला असो.

२०२२ मध्ये मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. त्या काळात आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. सिटी मॅनेजरच्या शहरात असं घडायला जागाच नाही, कारण परिषद नसेल तर मॅनेजरला नेमणारं कुणी उरत नाही.

तर मग ही पद्धत निर्दोष आहे का? मुळीच नाही. तिच्या जन्मदात्यांची नजर तिच्यात उतरली असं वर म्हटलं, ते इथं येतं. प्रभागांमुळे क्षुद्र राजकारण होतं, म्हणून सगळे सदस्य संपूर्ण शहरातून निवडावेत, असं सुधारकांचं मत होतं. ऐकायला ते छान वाटतं. पण शहरात गोरे बहुसंख्य असले की सगळ्या जागा त्यांच्याच पसंतीच्या उमेदवारांना जायच्या, आणि काळ्यांच्या किंवा मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांना परिषदेत आवाज उरायचा नाही. सॅन अँटोनिओनं केंद्रीय न्याय खात्याच्या आक्षेपानंतर १९७७ मध्ये प्रभाग आणले. डॅलस १९३१ पासून सिटी मॅनेजरच्या पद्धतीनं चालतंय. तिथं न्यायालयात लढा द्यावा लागला तेव्हा १९९१ मध्ये १४ प्रभाग झाले आणि फक्त महापौर संपूर्ण शहरातून निवडला जाऊ लागला. मॅनेजर राहिलाच, पण त्याला नेमणारे चेहरे बदलले.

दुसरी तक्रार मोठ्या शहरांची. संकट आलं की लोकांना एक माणूस समोर हवा असतो, ज्याला जाब विचारता येईल आणि पुढच्या निवडणुकीत पाडता येईल. ओकलंडच्या मतदारांनी १९९८ मध्ये अधिकार महापौरांकडे दिले. सॅन दिएगोत निवृत्तिवेतन निधीचा मोठा घोटाळा झाला, तिथं २००६ पासून महापौरच कारभार पाहू लागले. डॅलसमध्ये २००५ साली तसाच प्रस्ताव दोनदा मतदानाला आला आणि दोन्हीदा पडला.

आणि परिषदच विकली गेली तर? कॅन्सस सिटीनं १९२५ मध्ये पक्षीय पुढाऱ्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी ही पद्धत घेतली. टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्यानं नऊपैकी पाच जागा जिंकल्या. पाच म्हणजे बहुमत, आणि बहुमत म्हणजे मॅनेजर. त्याच्या मर्जीतला हेन्री मॅकेलरॉय १९२६ पासून १९३९ पर्यंत त्या खुर्चीत बसला. पेंडरगास्ट करचुकवेगिरीत तुरुंगात गेला तेव्हा कुठे ते पर्व संपलं.

लॉस एंजेलिसजवळच्या बेल या गावाची गोष्ट अलीकडची. कष्टकरी, मुख्यतः लॅटिनो कुटुंबांचं, चाळीस हजारांच्या आत वस्तीचं छोटं गाव. २००५ मध्ये तिथं एक विशेष मतदान झालं. चारशेच्या आतच लोकांनी मत दिलं आणि गावाला स्वतंत्र सनद मिळाली, त्यामुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा उठली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुलै २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं छापलं की बेलचा सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतो, आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखभर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार तेव्हा ४ लाख डॉलर होता. ज्यांनी मॅनेजरवर नजर ठेवायची तेच त्याच्या पंगतीला बसले होते आणि सभागृहातल्या नागरिकांच्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. बातमी आली त्यानंतरच्या सभांना मात्र लोक इतके आले की आत मावेनात.

मार्च २०११ मध्ये बेलच्या मतदारांनी मतदान करून जुन्या नगरसेवकांना पदावरून काढलं. पुढे त्यांच्यातले बहुतेक न्यायालयात दोषी ठरले आणि २०१४ मध्ये रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली. गावानं पद्धत बदलली नाही. नवी परिषद निवडली, आणि त्या परिषदेनं २०१२ मध्ये नवा सिटी मॅनेजर नेमला.